ब्रिज बनवला आणि एसएसएच गेलं? हे बघा

एसएसएचनं, म्हणजे दुरून टर्मिनल उघडून, लिनक्स सर्व्हरवर बसलोय, बीआर-झीरो नावाचा ब्रिज बनवला, ईटीएच-झीरो, म्हणजे सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, त्यात टाकलं, एंटर मारला... आणि टर्मिनल गपगार. झालंय ना असं? माझं झालंय, तेही रात्री, आणि कन्सोलचा (नेटवर्कशिवाय थेट सर्व्हरवर जायच्या स्क्रीनचा) पासवर्ड ज्याच्याकडे तो गाढ झोपलेला.

होतं काय बघा. ब्रिज म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, आत बसलेला स्विच, आणि ईटीएच-झीरो त्यात टाकलं की ते त्या स्विचचं नुसतं पोर्ट होतं, आलेलं पॅकेट सरळ ब्रिजकडे ढकलतं. पण आयपी अजून ईटीएच-झीरोवरच, डिफॉल्ट रूटही (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) तिकडेच, मग बोलणं होणार कसं? म्हणून आयपी तिथून काढायचा, ब्रिजवर लावायचा, ब्रिज अप करायचा आणि डिफॉल्ट रूट परत टाकायचा. हा रूट लोक हमखास विसरतात, आयपी काढला की तोही उडतो ना!

आता हे एकेक कमांड मारून करायला गेलात तर मधेच कनेक्शन तुटणार, म्हणून सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहा आणि नोहपनं (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारी कमांड) बॅकग्राउंडला चालवा. आणि त्याआधी, हे महत्त्वाचंय, शटडाऊन मायनस आर प्लस ५ मारून ठेवा. म्हणजे ५ मिनिटांनी रीबूट. आयपी कमांडनं केलेलं डिस्कवर कुठेच लिहिलं जात नाही, त्यामुळे गंडलं तरी रीबूटनंतर जुनं सेटिंग जसंच्या तसं परत. जमलं तर शटडाऊन मायनस सी मारून रीबूट रद्द करा, आणि मग निवांत नेटप्लॅन नाहीतर नेटवर्कमॅनेजर, या नेटवर्क सेटिंग जपणाऱ्या टूलमध्ये, कायमचं लिहा. एरवी रीबूटला सगळं पुसलं जातं म्हणून आपण वैतागतो, इथे तेच कामाला येतं.

कंटेनर ब्रिजला जोडायचं व्हीईटीएच सोपंय, दोन तोंडांची व्हर्च्युअल वायर, एक तोंड कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये (त्याच्या वेगळ्या नेटवर्कात), दुसरं ब्रिजमध्ये, एक डिलीट केलं की दुसरंही जातं. व्हीलॅनचा (एकाच वायरवर वेगवेगळी नेटवर्कं) आयडी १ ते ४०९४ मध्येच द्यायचा. आणि इंटरफेसचं नाव १५ अक्षरांपर्यंतच, मोठं दिलंत की एरर.

मॅकव्हीलॅन, म्हणजे एकाच कार्डावर वेगळ्या मॅक पत्त्यांची व्हर्च्युअल कार्डं, मात्र डोकं खातं. कंटेनर अख्ख्या नेटवर्कला पिंग करतो, फक्त स्वतःच्या होस्टला (तो ज्या मशीनवर चालतो तिला) नाही, आणि आपण तासभर फायरवॉल उचकत बसतो! फायरवॉलचा काही संबंध नाही, मॅकव्हीलॅन चालतंच तसं. होस्टवरही ब्रिज मोडमध्ये एक मॅकव्हीलॅन बनवा, त्याला आयपी द्या, कंटेनरचा रूट त्यावरून टाका, लागेल पिंग.