नवटाक, पठाण आणि दहा बाय बाराची खोली

(पडद्यावर: लालबागची चाळ. गॅलरीत वाळत घातलेली गोधडी.)

आजी म्हणते, गिरणी चालू होती तोवर नवऱ्याशी धड भांडायलाही सवड नव्हती. आजोबा रातपाळीला गेले की ती निजायची. सकाळी सातच्या भोंग्यानंतर ते येऊन आडवे व्हायचे, तोवर हिचा स्टो पेटलेला. पैसे देऊन जेवणाऱ्या नऊ गड्यांचे डबे करायचे असत. खोली एकच, दहा बाय बाराची. तिच्यातच सासू, एक दीर आणि तीन पोरं.

लग्न १९६६ चं. पहिली सहा वर्षं आजी संगमेश्वरकडच्या गावात आणि आजोबा इथं, गावमंडळाच्या खोलीत, वीस-पंचवीस गड्यांबरोबर. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, कुपनावर दोन ओळी. ‘तेवढीच सहा वर्षं सुखाची गेली,’ आजी सांगते.

(पडद्यावर: आजीचे हात, तांदूळ निवडताना.)

आजोबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. आवाज चढलेला, तो घरीही उतरत नसे. ‘मीठ दे’ म्हणाले तरी शेजारीण डोकावायची. पुढंपुढं तिनं डोकावणं सोडलं. त्यामुळे हात उठायचा त्या रात्रीही कुणी आलं नाही.

पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवर जाऊन उभ्या राहत. हौस म्हणून नव्हे. गेट ते चाळ एवढ्या वाटेत तिघं टपलेले असत: व्याजाचा पठाण, उधारीचा वाणी आणि नवटाक, म्हणजे हातभट्टीची दारू विकणारा.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी आजीसारख्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीच्या मजल्यावरच्या दोघी गेल्या. आजीला आजोबांनी जाऊ दिलं नाही. पठाणाचं देणं चालत होतं त्यांना; बायकोच्या नावावर बँकेचं कर्ज म्हणजे अब्रू गेली!

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप का फसला यावर पुष्कळ बोललं गेलंय, ते इथं नको. संप सुरू झाला आणि आजोबा घरी बसले, आपल्याला त्या खोलीत जायचंय.

दिवसभर दारात पाय पसरून बसलेला माणूस. बाईनं लुगडं कुठं बदलायचं? डब्याचे गडी गावी गेले ते बिलं बुडवून. पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. शेवटी आजीनं दादरला तीन घरची धुणीभांडी धरली. पहिला पगार आणला त्या रात्री आजोबांनी पिठाचा डबा भिरकावला. डब्याला पोचा आहे, हा बघा. त्यानंतर ते जवळजवळ बोलेनासेच झाले. त्यांच्या आवाजापेक्षा ते गप्प बसणं तिला जड गेलं.

१९८३ मध्ये कायद्यात ४९८-अ कलम आलं, नवऱ्यानं नि सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरवणारं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं पोलीस आयुक्तालयात बायकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. लालबागहून बसनं जाण्याजोगं अंतर. आजीच्या कानावर यातलं काही आलं नाही. आलं असतं तरी गेली असती का? विचारलं. ‘तक्रार करून परत याच खोलीत यायचं ना?’

(पडद्यावर: पत्र्याची ट्रंक उघडते.)

आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नाचा फोटो आहे का म्हणून विचारलं, तर काढलाच नव्हता म्हणाली. त्यांच्या वस्तूंपैकी ट्रंकेत एकच सापडली: गिरणीचा पास, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेला. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला. आजीनं लगेच हातातून काढून घेतला.

‘नीट धर. म्हाडाच्या घराच्या फॉर्मला लागतो.’