फायबरग्लासला आवळून चालत नाही

मित्रहो, घरी गाडी बांधणारा माणूस चेसिसच्या वेल्डिंगला जिवापाड जपतो आणि बॉडी बसवायची वेळ आली की घाई करतो. मीही केली. फायबरग्लासचं पुढचं मडगार्ड चार बोल्टांनी करकचून आवळलं. काही महिन्यांत प्रत्येक बोल्टाभोवती केसासारख्या बारीक चिरा पसरल्या, आणि रंग काढला तरी त्या खाली होत्याच.

असं का होतं? पत्र्यावर जोर आला की तो थोडा दबतो. फायबरग्लासची ताकद आतल्या काचतंतूंत असते, पण वरचा जेलकोट म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा नुसत्या रेझिनचा, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या राळेचा थर. तो ठिसूळ. शिवाय हे पॅनेल तापल्यावर स्टीलच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. चारी बाजूंनी जखडलेल्या पॅनेलनं मग जायचं कुठं?

म्हणून भोक बोल्टापेक्षा मोठं हवं. ६ मिलिमीटरच्या बोल्टाला मी ८ चं भोक पाडतो, तेही काठापासून किमान १८ मिलिमीटर आत. आधी मास्किंग टेप चिकटवायची. ड्रिल नेहमी जेलकोटच्या बाजूनं चालवायचं. मागून चालवलं, की बाहेर पडताना ते जेलकोटचा टवका उडवतं. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवलं, तर जेलकोट खरवडला जातो, फुटत नाही. मग भोकाची कड हलकी उतरती करून घ्यायची. मास्क मात्र घालाच, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

बोल्टाखाली २५ मिलिमीटरचा रुंद वायसर, त्याच्या खाली रबर, आणि आत नायलॉनची कडी असलेला नट, म्हणजे तो न आवळताही सुटत नाही. लोटस या ब्रिटिश कंपनीनं १९६२ च्या एलान गाडीत याहून देखणा उपाय केला होता: आटे असलेले धातूचे बॉबिन, म्हणजे रिळासारखे तुकडे, बॉडीच्या फायबरग्लासमध्येच बसवलेले होते. भार एका बिंदूवर न येता आजूबाजूच्या थरांत पसरतो. मला आजही ती कल्पना फार आवडते.

जे पॅनेल पुन्हा काढायचं नाही, ते पॉलियुरेथेनच्या गोंदानं चिकटवा. दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून पुसून घ्या. इथे लोक हमखास चुकतात: क्लॅम्प दाबून सगळा गोंद बाहेर काढतात. दोन-तीन मिलिमीटरचा थर राहिला, तरच तो रबरासारखा ताणला जातो. मधे त्याच जाडीचे तुकडे ठेवा, काम सोपं होतं. बॉनेट आणि मडगार्ड मात्र चिकटवू नका, ती कधीतरी उतरवावीच लागतात.

आणि ते मडगार्ड? चिरा कोरून, मागून काचतंतूंच्या मॅटचे दोन थर देऊन मी ते पुन्हा बसवलं. नट आधी बोटांनी, मग रबर किंचित फुगेपर्यंत पान्यानं. त्यानंतर वायसर अंगठ्यानं ढकलून पाहिला. जोर लावल्यावर तो जरासा सरकला, तेव्हा पाना खाली ठेवला.