माळवदाची तुळई आणि चार तारा
(लातूरच्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, ही बेस गिटार घरी बनवली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं चुंबकाचं वेटोळं, कुठलं? दुसरा: रंग कुणाकडून मारून घेतला? मानेचं, म्हणजे ज्यावर बोटं फिरतात त्या लांब दांड्याचं, कुणीच विचारत नाही. माझे मात्र सात महिने त्या मानेतच गेले.

लाकडापासून सांगतो. आमचं गावाकडचं घर माळवदाचं. 1993च्या भूकंपानंतर आजीची काही माळवदाखाली झोपायची छाती झाली नाही. पत्र्याची खोली उठली, पुढं माळवदही उतरवलं. सागाच्या तुळया गोठ्यात पडून होत्या. वाद्याला वाळलेलं लाकूड लागतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चुलीचा धूर खाल्लेल्या तुळईइतकं वाळलेलं लाकूड वखारीत मागून मिळत नाही. आत खिळे किती, हे करवतीचं पान तुटल्यावर कळलं, ते सोडा. साग तेलकट असतो. चिकटवायच्या आधी ताजा रंधा मारून थिनरनं पुसला नाही, तर सांधा धरत नाही.

चार तारा सुरात ओढल्या की मानेवर 70 ते 80 किलोचा ताण येतो. सिमेंटचं दीड पोतं रात्रंदिवस टांगून ठेवल्यासारखं. म्हणून एकच फळी न घेता तीन पट्ट्या चिकटवल्या, मधल्या पट्टीची नस उलटी. एक पट्टी वाकायला गेली की दुसरी तिला धरते. पोटात ट्रस रॉड, म्हणजे चावीनं आवळून मानेचा बाक सरळ करायची लोखंडी सळई, वर शिसवीची पट्टी.

आता फ्रेट, म्हणजे त्या शिसवीच्या पट्टीवर ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. 1951 साली गिटार बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लिओ फेंडरनं बेसला फ्रेट बसवून बाजारात आणली आणि नावच दिलं ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता. व्हायोलिनसारख्या, बिनफ्रेटच्या उभ्या डबल बेसवर सूर अंदाजानं शोधावा लागतो, इथं बोट ठेवलं की सापडतो. पण कधी? फ्रेट जागेवर असेल तर. नटापासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा अडकवतात तो भाग) तारेची लांबी 864 मिलिमीटर धरा. तिला 17.817नं भागा: 48.49. हा पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागा, दुसरा. असं करत बारावा बरोबर मध्यावर, 432वर आला पाहिजे.

माझा आला नाही. मी प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजत गेलो. दर वेळी पाव मिलिमीटर चुकलं तरी विसाव्यापर्यंत पाच मिलिमीटर होतात, आणि तिथं दोन फ्रेटमधलं अंतरच जेमतेम 16! शिसवीची अख्खी पट्टी वाया गेली. सतारवाल्याचं बरं असतं, पडदा बेसूर वाटला तर सरकवतो. आमचा फ्रेट हातोडीनं ठोकलेला. दुसऱ्या वेळी स्टीलची एक मीटरची पट्टी जागची हलू न देता सगळी मापं नटापासूनच घेतली.

पिकअप मी विकतच आणलं. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या मित्राला त्यातली तार दाखवली, तर म्हणाला, ‘‘हे केस हायेत का तार?’’ एक गंमत सांगतो. आपली घरची वीज 50 हर्ट्झची, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर 49चा. म्हणजे अर्थिंग नीट नसेल तर महावितरण आपल्याबरोबर जवळजवळ सुरात गुणगुणतं. उपाय साधा आहे. आतल्या खाचेला तांब्याचा पत्रा लावायचा आणि ब्रिजची तार अर्थला जोडायची. लाइट गेली की गुणगुण आपोआप थांबते, पण मग अँप्लिफायरही थांबतो.

सगळं जमलं, दिवाळीत वाजवली. एप्रिलात मानेवरून हात खाली ओढला आणि तळव्यातून रक्त आलं. उन्हानं शिसवी आकसली होती, धातूचे फ्रेट मात्र होते तेवढेच राहिले, त्यांची टोकं करवतीच्या दातांसारखी बाहेर आली होती. परदेशातल्या कुठल्याच व्हिडिओत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडं कुठं आपल्यासारखं बेचाळीस अंशांचं ऊन? ती टोकं मी उन्हाळ्यातच कानशीनं घासली. पावसाळ्यात घासली असती तर पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच झालं असतं.

तेव्हापासून ट्रस रॉडची चावी वर्षातून दोनदा निघते, मृग लागल्यावर आणि दिवाळीनंतर. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबायची, मधोमध तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर पाव फेरा सैल, ढिलं सरकलं तर पाव फेरा आवळायचा. जास्त जोर लावायचा नाही, रात्रभर थांबून सकाळी पुन्हा बघायचं.

गिटार इथं टेबलावर ठेवलीय. हातात घ्या, मानेवरून तळवा फिरवून बघा. शेजारी ती छोटी चावी आहे, तेवढी मात्र कुणी चुकून खिशात घालू नका. तसली लातुरात दुसरी मिळत नाही.