बारा सेकंदांत सहा टन पाणी

पडद्यावर दिसणारे हे पिवळे-तांबडे विमान समुद्राला टेकले आहे, पण थांबलेले नाही. ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने त्याचा नावेसारखा तळ पाण्यावरून घासत चालला आहे, आणि तळाशी उघडलेल्या दोन लहान तोंडांतून पाणी विमानाच्या गतीमुळेच वरच्या टाक्यांत चढते आहे. त्यासाठी पंप लागत नाही. साधारण बारा सेकंदांत ६,१३७ लिटरच्या टाक्या भरतात, तोंडे मिटतात आणि सहा टनांनी जड झालेले विमान पुन्हा हवेत उठून धुराच्या दिशेने वळते. हे कॅनडेअर कंपनीचे सीएल-४१५. वणव्याशी लढणारी पुष्कळ विमाने मुळात बॉम्बफेकीसाठी, मालवाहतुकीसाठी किंवा प्रवाशांसाठी बांधलेली असतात आणि नंतर त्यांत टाकी बसवली जाते. हे विमान मात्र पहिल्या आराखड्यापासून वणवे डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेले आहे.

आकाशातून आगीवर पाणी टाकण्याची कल्पना जुनी असली, तरी तिला रोजच्या कामाचे रूप येण्यामागे एक दुर्घटना आहे. जुलै १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो राष्ट्रीय वनात लागलेल्या रॅटलस्नेक वणव्यात वाऱ्याने अचानक दिशा बदलली आणि आग विझवायला गेलेले १५ जण मृत्युमुखी पडले. तेथील वनविभागाचे अग्निनियंत्रण अधिकारी जोसेफ ईली यांनी पुढे विलोज गावच्या फ्लॉइड नोल्टा यांना विचारले की, पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानातून पाणी सोडता येईल का. नोल्टांनी एका स्टीअरमन जातीच्या दुपंखी विमानात १७० गॅलनची, म्हणजे साधारण ६४० लिटरची टाकी बसवून तिच्या तळाशी झडप केली. ऑगस्ट १९५५ मध्ये मेंडेनहॉल येथील वणव्यावर त्या विमानाने पाणी टाकले आणि पुढच्याच वर्षी अशा सात विमानांचे पथक उभे राहिले.

कॅनडाची गरज थोडी निराळी होती. तिथे धावपट्ट्या दूरदूर, पण तळी मात्र असंख्य. दुसऱ्या महायुद्धातील कॅन्सो जातीच्या उडत्या नौका, म्हणजे पाण्यावर उतरू शकणारी विमाने, वणव्यांवर वापरून पाहिल्यानंतर, याच कामासाठी स्वतंत्र विमान बांधायचे ठरले आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये सीएल-२१५ ने पहिले उड्डाण केले. १९६९ पासून फ्रान्सने ही विमाने घ्यायला सुरुवात केली; पाठोपाठ स्पेन, ग्रीस, इटली अशा भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ती पसरली. पिस्टन इंजिनांऐवजी टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारी, इंजिने बसवलेली सुधारित आवृत्ती, म्हणजे सीएल-४१५, डिसेंबर १९९३ मध्ये प्रथम उडाली.

आता एक साधा हिशेब मांडू. डीसी-१० हे तीन इंजिनांचे जुने प्रवासी विमान आज अमेरिकेत वणव्यांवर वापरले जाते. एका खेपेत ते ९,४०० गॅलन, म्हणजे सुमारे ३५,००० लिटर द्रावण टाकते, आणि ते दृश्य खरोखरच थक्क करणारे असते. पण ती खेप टाकली की त्याला लांब धावपट्टी असलेल्या तळावर परतावे लागते, पुन्हा भरून घ्यावे लागते आणि पुन्हा यावे लागते. याउलट तळे आगीपासून चार-पाच मिनिटांवर असेल, तर सीएल-४१५ तासाभरात सहा खेपा करू शकते, आणि सहा खेपांचे पाणी होते ३६,००० लिटरांहून अधिक. म्हणून एखाद्या विमानाची ताकद नुसत्या टाकीच्या आकारावरून जोखणे योग्य नाही, असे या निवेदनात ठामपणे सांगावेसे वाटते. पाणी आगीपासून किती जवळ आहे, यावर ती ताकद अधिक अवलंबून असते.

अर्थात दोघांची कामेही वेगळी आहेत. डीसी-१० टाकते ते लाल द्रावण मुख्यतः अमोनियम फॉस्फेटचे, म्हणजे शेतखतात असते त्याच जातीचे क्षार असलेले असते, आणि कोठे टाकले ते वैमानिकांना ओळखता यावे म्हणून त्यात लोहाच्या ऑक्साइडचा रंग मिसळतात. ते ज्वाळांवर टाकत नाहीत. आगीच्या वाटेत पुढे, अजून न जळलेल्या झाडोऱ्यावर त्याचा पट्टा आखतात. पाणी उडून गेले तरी क्षार पानाफांद्यांवर चिकटून राहतात आणि ज्वलन मंदावतात. मात्र हे द्रावण ओढ्यानद्यांत गेले तर माशांना घातक ठरते, त्यामुळे जलप्रवाहांच्या आजूबाजूला ते टाकण्यावर निर्बंध आहेत. सीएल-४१५ चे पाणी, लागल्यास त्यात थोडा फेस मिसळून, थेट आगीच्या कडेवर पडते. त्याचा परिणाम तत्काळ होतो, पण टिकत नाही.

हे काम किती जोखमीचे आहे, ते विमानाच्या उंचीवरून कळते. फार वरून सोडलेले पाणी विखुरते आणि आगीच्या धगीत त्याची वाफ होते, म्हणून जमिनीपासून तीस-चाळीस मीटरांवर, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीच्या उंचीवर यावे लागते. खाली डोंगरउतार, समोर धूर, आगीमुळे उसळणारे हवेचे झोत, आणि झडपा उघडताच एकदम हलके होऊन वर उचलले जाणारे विमान, हे सारे दोन वैमानिकांनी एकाच वेळी सांभाळायचे असते. २५ जुलै २०२३ रोजी ग्रीसच्या इव्हिया बेटावर पाणी टाकून वळणाऱ्या एका सीएल-२१५ चा पंख झाडाला लागला आणि ते उतारावर कोसळले. ग्रीक हवाई दलाचे दोन्ही तरुण वैमानिक त्यात मरण पावले.

वारा फार वाढला की विमान निरुपयोगी ठरते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा भडकला, तेव्हा ७ जानेवारीच्या रात्री सांता आना वाऱ्यांमुळे विमानांना जमिनीवरच थांबावे लागले, आणि नेमकी त्याच वेळी आग घरांमागून घरे गिळत गेली. वारा ओसरल्यावर क्यूबेकहून दरवर्षी भाड्याने येणाऱ्या दोन सीएल-४१५ विमानांनी पॅसिफिकचे पाणी उचलून आगीवर टाकले. त्यांतल्या एकाच्या पंखाला ९ जानेवारीला कोणीतरी बेकायदा उडवलेला ड्रोन आदळून भोक पडले, आणि अत्यंत गरजेच्या वेळी ते विमान दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावे लागले. केवळ आग पाहण्याच्या हौसेपायी असे घडावे, हे संतापजनक आहे.

आपल्याकडे हे काम हेलिकॉप्टरे करतात. मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातील वणव्यासाठी हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी सिलीसेढ तलावातून बांबी बकेट नावाच्या टांगत्या बादलीने पाणी उचलले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, गोव्यातील सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्य पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दल दोघांचीही हेलिकॉप्टरे आली. पण सह्याद्रीतले वणवे पुष्कळदा जमिनीलगत, वाळलेल्या पाचोळ्यातून सरकतात आणि वरून पडणाऱ्या पाण्याचा बराच भाग झाडांच्या छतावरच अडतो. त्यामुळे हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतानाही वनरक्षक, वनमजूर आणि गावकरी डोंगर चढून, पाचोळा बाजूला सारून, हिरव्या फांद्यांनी झोडपून ती आग अडवत होते. कॅलिफोर्नियात, ग्रीसमध्ये किंवा गोव्यात, विमानाने आग थोडा वेळ दबते. त्या मिळालेल्या वेळात जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढणारे आणि निखारे उकरून विझवणारे हात खाली नसतील, तर ती पुन्हा उठते.

आज अडचण आहे ती विमानांच्या तुटवड्याची. सीएल-४१५ चे उत्पादन २०१५ मध्ये थांबले. मागणी तुरळक होती, आणि एकेक देश एका वेळी मोजकीच विमाने घेत असे. त्यानंतरच्या उन्हाळ्यांनी युरोपला हादरवले, आणि २०२२ मध्ये डी हॅविलँड कॅनडा कंपनीने याच विमानाची पुढची आवृत्ती, डीएचसी-५१५, बांधण्याचा निर्णय जाहीर केला. युरोपीय संघाच्या साहाय्याने ग्रीस, क्रोएशिया, स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि फ्रान्स हे देश त्यासाठी रांगेत उभे आहेत. थांबलेली उत्पादनसाखळी पुन्हा जोडायला वर्षे लागतात, आणि ती विमाने हाती येईपर्यंत भूमध्य समुद्राकाठच्या वणव्यांचा भार जुन्याच ताफ्यावर राहणार आहे, ज्यात १९७० च्या दशकात ग्रीसने घेतलेली पिस्टन इंजिनांची सीएल-२१५ विमानेही आहेत.