अंबाए: राखेखालचा मळा

प्रशांत महासागरातील वानुआतू देशाच्या उत्तर भागात अंबाए नावाचे बेट आहे. बेट म्हणजे समुद्रातून सुमारे १,५०० मीटर वर आलेला एक ज्वालामुखीच; माथ्यावर वूई सरोवर आणि खाली उतारावर गावे. सप्टेंबर २०१७ मध्ये हा मानारो ज्वालामुखी खवळला, तेव्हा सुमारे ११,००० माणसांना, म्हणजे अख्ख्या बेटाला, शेजारच्या बेटांवर हलवावे लागले. महिनाभराने सगळे परतले. पण पुढच्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, राखेचा मारा इतका वाढला की सरकारने बेट दुसऱ्यांदा रिकामे केले.

परतीची परवानगी त्या वर्षाअखेरीस मिळाली. ओल्या राखेचे वजन छपरांना पेलत नाही आणि पत्र्यावरून टाकीत उतरणारे पावसाचे पाणी राखेने नासते, त्यामुळे झाडलोट आणि डागडुजी आधी करावी लागते. खरे काम त्यानंतरचे असते, ते मळ्यात.

ज्वालामुखीची राख म्हणजे आयते खत, असे आपण सहज बोलून जातो. पुष्कळ वर्षांनी, राख झिजून तिची माती झाल्यावर, ते खरेही ठरते. ताज्या राखेचा मात्र पावसानंतर कडक पापुद्रा धरतो, त्यातून पाणी नीट मुरत नाही, आणि ज्वालामुखीच्या वायूंनी आंबट झालेला पाऊस कोवळी पाने करपवून टाकतो.

त्याहून बिकट प्रश्न बेण्याचा. अळूचा गड्डा काढला की देठाखालची पातळ चकती देठासकट कापून घेतात आणि तीच पुन्हा जमिनीत रोवतात. उरलेला गड्डा चुलीवर जातो. पोटाला अन्न आणि पुढचे पीक एकाच रोपातून निघत असल्यामुळे मळा हेच बेण्याचे कोठार असते, आणि मळा मेला तर बेणे दुसऱ्याच्या मळ्यातून, प्रसंगी दुसऱ्या बेटावरून, आणावे लागते. कोनफळ काढल्यावर काही महिने टिकते खरे, पण त्याची लागवड साधारणपणे ऑगस्टपासून सुरू होते आणि वर्षाअखेरीस परतणाऱ्याचा तो हंगाम हुकलेला असतो. अशा वेळी चार-पाच महिन्यांत हाती येणारी रताळी उपयोगी पडतात. बोटांनी राख बाजूला सारायची, खालची काळी माती लागली की वेलाचा वीतभर तुकडा आडवा दाबायचा आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा.

रताळी तर आसरा घेतलेल्या बेटावरही लावता आली असती, मग परतण्याची एवढी ओढ कशासाठी? याचे उत्तर जमिनीच्या हक्कात आहे. १९८० साली स्वतंत्र झालेल्या वानुआतूच्या राज्यघटनेनुसार देशातील सर्व जमीन परंपरागत मालकांची आणि त्यांच्या वंशजांची आहे. दुसऱ्याच्या जमिनीत एका हंगामाचे पीक घेऊ देतात. वर्षानुवर्षे उभे राहणारे झाड लावणे मात्र जमिनीवर हक्क सांगण्यासारखे मानले जाते. म्हणूनच घराशेजारी अर्धवट पुरलेला, हिरवा कोंब फुटलेला नारळ दिसला, की हे कुटुंब आपल्या जागेवर परतले आहे हे ओळखावे. त्या झाडाचा पहिला नारळ उतरायला आणखी सहा-सात वर्षे लागतील.