पाकुलाचा दूर उभा कॅमेरा

नमस्कार, इंदूरकर श्रोतेहो. 'सानंद'च्या नाटकाला आपल्याला पुढची रांग हवी असते, कारण नटाचा चेहरा जवळून बघायचा असतो. आजच्या सिनेमाचा दिग्दर्शक याच्या अगदी उलट करतो. ऐन मोक्याला तो आपल्याला उचलून लांब नेऊन बसवतो. सिनेमा १९७४ चा, 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू'. दिग्दर्शक अ‍ॅलन पाकुला.

सिअ‍ॅटलच्या 'स्पेस नीडल' मनोऱ्यावर एका सिनेटरचा खून होतो. मारेकरी एकटाच होता, असं चौकशी आयोग सांगतो आणि एकही प्रश्न घेत नाही. तीन वर्षांत साक्षीदार एकेक करून मरत जातात. एक घाबरलेली वार्ताहर बाई फ्रेडी या पत्रकार मित्राकडे येते, आता माझी पाळी म्हणून रडते. तो मनावर घेत नाही. पुढच्याच दृश्यात ती शवागाराच्या टेबलावर! मधे पाठलाग नाही, किंकाळी नाही. कितीदा पाहिलं तरी तिथे माझ्या पोटात गोळा येतो.

मग फ्रेडी, म्हणजे वॉरन बीटी, मारेकऱ्यांची भरती करणाऱ्या 'पॅरॅलॅक्स' कंपनीत खोट्या नावानं शिरतो. तिथे त्याची परीक्षा होते. त्याला खुर्चीत बसवतात आणि समोर पडद्यावर 'आई', 'वडील', 'देव', 'देश', 'शत्रू' असे शब्द नि त्यांची छायाचित्रं झळकू लागतात. आधी जोड्या जुळतात. मग वेग वाढतो, चित्रांची अदलाबदल होते, देशाच्या चित्रात शत्रू मिसळतो. एवढा वेळ फ्रेडीचा चेहरा दिसतच नाही. इथे पाकुला अंतर ठेवत नाही, परीक्षेला आपल्यालाच बसवतो. सिनेमातली ही सर्वांत धाडसी मिनिटं, असं माझं ठाम मत आहे.

पाकुला मूळचा निर्माता. १९६२ चा 'टू किल अ मॉकिंगबर्ड' त्याच्याच निर्मितीचा. दिग्दर्शनाकडे तो चाळिशीत वळला. 'क्लूट', हा सिनेमा आणि १९७६ चा 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन', तिन्हींचं छायाचित्रण 'गॉडफादर'वाल्या गॉर्डन विलिसचं. पुढे १९८२ मध्ये 'सोफीज चॉइस' आला. १९९३ च्या 'द पेलिकन ब्रीफ'मध्येही कारस्थानच आहे, पण ती धार नाही. १९९८ मध्ये मोटार अपघातात पाकुला गेला.

'पॅरॅलॅक्स' आधी बघा, 'प्रेसिडेंट्स मेन' लगेच नंतर. फ्रेडी एकटाच, कुणाला फारसं न सांगता अंधारात शिरतो. दुसऱ्या सिनेमातले, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या काळातलं वॉटरगेट प्रकरण खणणारे दोघे वार्ताहर लख्ख उजेडातल्या कचेरीत बसून फोन फिरवतात, टिपणं काढतात आणि प्रत्येक बातमी संपादकापुढे तावून घेतात. त्यांच्या पाठीशी अख्खं वर्तमानपत्र उभं असतं. फ्रेडीच्या पाठीशी कुणीच नसतं.