दिवस लहान होण्याची वाट पाहणारा वेल

(दृश्य: जानेवारीची सकाळ. कुंपणावर कोवळं ऊन, शेंगांवर दव.)

आज भोगी. वांगी, गाजरं, ओला हरभरा बाजारातून आला. घेवडा मात्र परसातलाच.

आत्या कुंपणाशी उभी राहून शेंगा खुडते आहे. शेंग चंद्रकोरीसारखी वाकलेली, वांग्याच्या सालीसारखी तुकतुकीत जांभळी. उन्हाकडे धरली की आतल्या दाण्यांच्या सावल्या दिसतात. चार शेंगा खुडल्या की बोटांना उग्र, तेलकट वास लागतो. ज्याचं लहानपण परसात गेलं, त्याला तो डोळे मिटूनही ओळखता येतो.

घेवडा म्हटलं की आपल्याकडे घोटाळा होतो. श्रावणघेवडा आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा हे दोघं राजम्याच्या कुळातले. हा वालघेवडा, म्हणजे वाल-पावट्याच्या घरचा. शास्त्रीय नाव लॅबलॅब परप्युरियस, आणि परप्युरियसचा अर्थच मुळी जांभळा.

(दृश्य: जून. ओली माती. तळहातावर चार बिया.)

बी नीट बघा. एका कडेला पांढरीशुभ्र रेघ, जणू खोबऱ्याची कातळी चिकटवली आहे. पाऊस पडून माती बसली की बी बोटाच्या एका पेराएवढं खोल लावायचं, दोन वेलांत दोन-तीन फूट अंतर ठेवायचं. अंगण नसेल तर मोठी कुंडी किंवा बुडाला भोकं पाडलेला तेलाचा जुना डबाही चालतो. आधाराला बांबू, तुराट्या, सुतळी, जे हाताशी असेल ते. आठवडाभरात कोंब वर येतो, आणि श्रावणापर्यंत वेल कुंपण झाकून टाकतो.

मग मात्र तो थांबतो. पानं येतात, फूल येत नाही.

पहिल्या वर्षी मी इथंच चुकले. गणपती उठले तरी एक कळी दिसेना. आळ्यात शेणखत ओतलं, तशी पानं आणखी माजली. सप्टेंबरअखेर वैतागून वेल उपटून टाकला. आत्या आली, रिकामं कुंपण बघून म्हणाली, “अगं, दिवाळीच्या आधी घेवडा तुरा धरतो होय?”

तिचं बरोबर होतं. हा जुना, वेलीचा घेवडा दिवसाची लांबी ओळखतो. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की मगच त्याला फुलायचं कळतं. खत घालून त्याला घाई करता येत नाही. उलट जास्त खतानं नुसता पाला वाढतो. कधीही शेंगा देणारे बुटके वाण बाजारात मिळतात, आणि गच्चीसाठी ते सोयीचे आहेत. पण माझा जीव या वाट बघायला लावणाऱ्या वेलातच अडकला आहे.

(दृश्य: नोव्हेंबर. पानांच्या वर उभे जांभळे तुरे. एक मोठा काळा भुंगा.)

तुरा खालून वर उमलत जातो. खाली कोवळी शेंग, मध्ये फूल, शेंड्याला कळ्या, सगळं एकाच दांड्यावर. आभाळ आलं की याच तुऱ्यांवर काळा मावा बसतो. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्यांची रांग लागते. रांग दिसली की समजावं, वर मावा आहे. सुरुवातीलाच पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, फार भरलेला शेंडा खुडायचा, आणि गरज पडली तर निंबोळी अर्क. घरच्या चार वेलांना एवढं पुरतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. कढईत फोडणी.)

आता बघा. शेंगेच्या दोन्ही कडांच्या शिरा काढल्या, हातानं मोडून कढईत टाकल्या. वाफ धरली आणि जांभळा रंग गेला. शेंगा हिरव्या झाल्या. लहान मुलं दरवर्षी विचारतात, रंग गेला कुठं? तो रंग सालीत असतो, अँथोसायनिन नावाचा. तो पाण्यात उतरतो, उष्णतेनं मोडतो, आणि खाली दडलेलं हिरवं वर येतं. म्हणून रंग बघायचा तो वेलावरच. ताटात तिळाचं कूट, बाजरीची भाकरी आणि घेवड्याची चव.

एक सांगायलाच हवं. कोवळ्या शेंगांची भाजी सरळ करावी, पण पक्के वाळलेले दाणे कच्चे खाऊ नयेत. ते रात्रभर भिजवून, उकळून, पाणी टाकूनच वापरायचे.

(दृश्य: राख भरलेला डबा.)

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे कितीतरी गावरान वाण असेच घरात जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आत्याच्या डब्यात एकच वाण आहे, तिच्या आईकडून आलेला. राख चाळून कोरडी करायची, तिच्यात बी मुरवायचं, झाकण घट्ट लावायचं.

(दृश्य: पुन्हा कुंपण.)

वेलाच्या मधोमध सगळ्यात भरदार तुरा आहे. त्याला आत्यानं लाल चिंधी बांधली आहे. या शेंगा वेलावरच वाळणार, बियाण्यासाठी. आज भाजीला मूठभर घेवडा कमी पडला. चिंधीला कुणी हात लावला नाही.